वाळू मोटरीच्या अलीकडेच अडवा: उपशाचा पंप झिजू नये म्हणून काय करावं आणि कोणत्या क्रमानं

सांगली जिल्ह्यातल्या पलूस, तासगाव, खानापूर या पट्ट्यात येरळेच्या कडेला ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांच्या शेडमध्ये एक चित्र सारखं दिसतं. डिलिव्हरीवर, म्हणजे पंपातून पाणी बाहेर पडतं त्या पाइपावर, मोठा हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारं भांडं), त्याच्यापुढे सँड फिल्टर, मग डिस्क फिल्टर, सगळं रीतसर. आणि कोपऱ्यात झिजून टाकलेले इंपेलर, म्हणजे पंपात पाणी ढकलणारी फिरती पाती.

माझ्याकडेही तेच झालं होतं. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी हायड्रोसायक्लोन घेतला. विकणारा म्हणाला, "आता वाळूची काळजी सोडा." मार्चपर्यंत पाणी निम्म्यावर आलं. फिटरनं इंपेलर काढून हातात दिला. पात्यांच्या कडा ब्लेडसारख्या पातळ झालेल्या, पाणी आत शिरतं ती मधली गोल कड एका बाजूनं खाल्लेली, आणि वेअर रिंगमध्ये (इंपेलरभोवतीची, झीज सोसणारी कडी) नख सहज जाईल एवढी फट. हायड्रोसायक्लोन मात्र आपलं काम चोख करत होता. त्याच्या खालच्या डब्यातून रोज वाळू निघत होती. ती सगळी आधी पंपातून गेलेली होती, एवढंच माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पंपाच्या पुढे बसवलेला कुठलाही फिल्टर ठिबक वाचवतो, पंप वाचवत नाही. पंप वाचवायचा तर काम सक्शनच्या, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या, बाजूला करावं लागतं. खालचा क्रम त्यासाठी आहे. मधली पायरी गाळून पुढची केली तर पैसे जातात आणि झीज तशीच राहते.

## तयारी

जवळ ठेवा: २०० लिटरचं बॅरल, दोन बादल्या, घट्ट विणीचं पांढरं सुती फडकं, ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, बॅरल रिकामं करायला नळीचा तुकडा, खोली मोजायला गाठी मारलेली आणि वजन बांधलेली दोरी, डिलिव्हरीवर चालू स्थितीतलं प्रेशर गेज, अँपिअर दिसणारा स्टार्टर किंवा क्लॅम्प मीटर, आणि एक वही.

सावधान: पंपाला किंवा सक्शनला हात लावण्याआधी मेन स्विच खाली करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. लाईट गेलीय म्हणून काम करू नका, स्टार्टर ऑटोला असेल तर लाईट येताक्षणी मोटर फिरते. विहिरीत डिझेल इंजिन चालू असेल किंवा नुकतंच बंद केलं असेल तर खाली उतरू नका.

## पायरी १: वाळू किती येते ते मोजा

"लई वाळू येते" यावरून काही ठरवता येत नाही. डिलिव्हरीच्या तोंडाखाली बॅरल ठेवून तीन वेळा भरा: मोटर सुरू होताक्षणी, पाच मिनिटांनी आणि अर्ध्या तासानं. प्रत्येक वेळी बॅरल दहा मिनिटं न हलवता ठेवा. तेवढ्यात बारीक वाळूसुद्धा तळाला बसते. मग नळीनं वरचं पाणी हळू काढा, तळाचं चार बोटं पाणी बादलीत ओता, फडक्यातून गाळा, उन्हात वाळवा आणि वजन करा.

बऱ्याच सबमर्सिबल पंपांच्या माहितीपुस्तिकेत वाळूची मर्यादा १,००० लिटरला २५ ते ५० ग्रॅम अशी असते. म्हणजे २०० लिटरच्या बॅरलात ५ ते १० ग्रॅम, चहाच्या चमच्यात मावेल एवढीच. चमचा भरून वर शीग लागत असेल तर तुमचा पंप त्याच्या मर्यादेच्या बाहेर चालला आहे.

वाळलेला ऐवज बोटात चोळून बघा. कचकच लागली तर वाळू. पिठासारखा मऊ लागला तर गाळ. गाळानं पंप त्या मानानं कमी झिजतो, पण तो लवकर बसत नाही आणि हायड्रोसायक्लोनमध्येही फारसा अडकत नाही. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी तांबडं दिसतं म्हणून वाळूचा उपाय करायला जाऊ नका, आधी चोळून बघा.

तपासा: तीन बॅरलांची तीन वजनं वहीत लिहिली का? पुढचं सगळं त्यावर आहे.

- पहिल्यात जास्त, नंतर जवळजवळ काहीच नाही: दोष सुरू करण्याच्या पद्धतीत आहे. पायरी ६ महत्त्वाची.
- तिन्हींत सारखीच: सक्शनची जागा, जाळी किंवा बोअरचं केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घातलेला पाइप) बघा.
- तिसऱ्यात सगळ्यात जास्त: पाणी खाली जाईल तशी वाळू खेचली जातेय. उपसा झेपण्यापलीकडचा आहे, पायरी ५ बघा.

## पायरी २: वाळू कुठून शिरते ते शोधा

बोअर. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण. त्यातून वाळू तयार होऊन येत नाही. बोअरला कच येत असेल तर ती बहुधा वरच्या मातीमुरमातली असते आणि केसिंग पाइपाच्या बुडाशी आत शिरते. केसिंग पक्क्या खडकात न रोवता मुरमातच थांबवलं की हे हमखास होतं. फूट दोन फूट केसिंग वाचवल्याची किंमत मग दर वर्षी पंपात मोजावी लागते. अशा बोअरला पंप बदलून काही होत नाही. केसिंग पुढे नेऊन खडकात बसवा, फट बंद करा आणि कॉम्प्रेसरनं बोअर पाणी निवळेपर्यंत धुऊन काढा. नवा बोअर असेल तर ही धुलाई पंप सोडण्याच्या आधी करायची. नव्या पंपानंच बोअर धुणं ही चूक मी डोळ्यांदेखत बघितली आहे, आठ दिवसांत पंप जाम झाला.

नदीकाठची विहीर किंवा पात्रातली बुडकी. इथं वाळू तळातून आणि आडव्या चरातून येते. कडं नुसतं वाळूवर टेकवलेलं असेल तर पाणी बुडाखालून उसळतं आणि वाळू घेऊन येतं. तळाला आधी बारीक खडी, मग मोठी खडी असे थर द्या, एकूण दोन-अडीच फूट. खाली बारीक, वर जाड. उलटे थर दिले तर वाळू मोठ्या खडीच्या फटींतून सरळ वर येते.

थेट नदीतून. वळणाच्या आतल्या बाजूला वाळू साचते, बाहेरच्या बाजूला डोह असतो. सक्शन आतल्या बाजूला सोपं पडतं म्हणून तिथं टाकलं जातं, आणि नेमकं तेच टाळायचं आहे.

## पायरी ३: सक्शनची किंवा मोटरीची जागा ठरवा

वाहत्या पाण्यात जाड वाळू तळालगत सरकते, वर कमी असते. म्हणून फुटव्हॉल (सक्शन पाइपाच्या तोंडाचा जाळीदार व्हॉल्व्ह) तळापासून किमान दोन-तीन फूट वर हवा. पण वर घेताना तो पाण्याच्या पृष्ठभागाच्याही जवळ नको. त्याच्यावर किमान दोन-तीन फूट पाणी राहिलं पाहिजे, नाहीतर भोवरा पडतो आणि हवा आत जाते. उन्हाळ्यात पातळी उतरते तेव्हा ही दोन्ही मापं एकदम सांभाळणं अवघड जातं. तिथं तरंगतं सक्शन उत्तम: दोन बंद बॅरलांचा तराफा, त्याला फुटव्हॉल लटकवलेला, आणि सक्शनला होज पाइप. पाणी वरखाली झालं तरी फुटव्हॉल त्याच खोलीवर राहतो. सक्शनची उभी उंची, म्हणजे पाण्यापासून पंपापर्यंतची, २० फुटांच्या आत ठेवा.

बोअरमधली सबमर्सिबल तळापासून दहा-पंधरा फूट वर. तळाशी साचलेल्या गाळात मोटर रुतली की तिला थंड करणारं पाणी बाजूनं वाहत नाही आणि ती जळते. रिवाइंडिंगवाला "लोड आला" म्हणतो, खरं कारण मोटरीला लागलेल्या गाळात दिसतं. वर काढाल तेव्हा मोटर पुसण्याआधी गाळ कुठवर लागलाय ते बघा.

विहिरीतली आडवी ओपनवेल मोटर सिमेंटच्या ओट्यावर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा. तळावर नुसती सोडू नका.

तपासा: दोरी सोडून तळ आज किती खोल आहे ते मोजा. विहीर खणतानाचा आकडा चालणार नाही, तळ दर वर्षी भरून वर येतो.

## पायरी ४: जाळी मोठी करा, बारीक नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. वाळू येते म्हणून फुटव्हॉलला मच्छरदाणी, गोणपाट, जुनी साडी गुंडाळतात. दोन दिवस पाणी स्वच्छ येतं, मग कापड चोंदतं. पंप उपाशी राहतो, आत पाण्याचे बुडबुडे होऊन फुटतात, आणि पंपाच्या केसिंगमधून (बाहेरच्या कवचातून) खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो. या बुडबुड्यांनी इंपेलरला बारीक खड्डे पडतात. म्हणजे वाळूपासून वाचवता वाचवता पंप दुसऱ्या रोगानं जातो.

आवाज वाळूचा की उपासमारीचा हे ओळखायला डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा दाबा. आवाज कमी झाला आणि बॅरलात वाळूही नाही, तर सक्शन चोंदलेलं आहे.

जाळीनं वाळू गाळायची नसते. जाळीच्या पिंजऱ्यानं पाण्याचा वेग कमी करायचा असतो, म्हणजे वाळू आपोआप खाली राहते. हिशेब बघा. पाच एचपीचा पंप सेकंदाला १० लिटर पाणी देतो असं धरू. चार इंची पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास येतो. फुटव्हॉलच्या जाळीची भोकं मिळून पाइपाच्या तिप्पट क्षेत्रफळ धरलं तरी तिथं वेग ४० सेंटिमीटर राहतो. त्याच फुटव्हॉलभोवती दोन फूट व्यासाचा, तीन फूट उंच पिंजरा केला आणि जाळीचा चाळीस टक्के भाग मोकळा धरला, तर वेग दीड सेंटिमीटरवर येतो. ०.२ मिलिमीटरचा वाळूचा कण संथ पाण्यात सेकंदाला साधारण दोन सेंटिमीटर वेगानं खाली बसतो. चाळीसच्या वेगात तो खेचला जातो, दीडमध्ये खाली पडतो.

पिंजरा असा करा:

1. गंज न लागणारी सळई किंवा पीव्हीसी पाइपाचा सांगाडा, दोन फूट व्यास, तीन फूट उंची.
2. भोवती दोन मिलिमीटरच्या आसपास भोकांची जाळी. याहून बारीक नको, शेवाळ लगेच धरतं.
3. बूड पत्र्यानं बंद. उघडं राहिलं तर खालची वाळू सरळ वर ओढली जाते.
4. फुटव्हॉल पिंजऱ्याच्या मधोमध, वरच्या अर्ध्या भागात. कडेला टेकला तर सगळं पाणी त्याच बाजूनं येतं.
5. वर कडी आणि दोरी, म्हणजे महिन्यातून एकदा ओढून ब्रशनं साफ करता येईल.

## पायरी ५: उपसा आवरा

विहीर किंवा बोअर जेवढं पाणी निवांत देतं त्याहून जास्त खेचलं की झऱ्याच्या तोंडाशी वेग वाढतो आणि वाळू सुटते. व्हॉल्व्ह थोडा थोडा दाबत न्या, दर वेळी बॅरल भरा. एका जागी वाळू एकदम कमी होते. त्या जागी व्हॉल्व्हवर रंगाची खूण करा.

मात्र व्हॉल्व्ह अगदी गळ्याशी आणून पंप तासन् तास चालवू नका, आतलं पाणी तापतं. एवढा दाबावा लागत असेल तर पंपच मोठा आहे. शंभर फूट पाणी चढवणारा पंप तीस फुटांच्या उपशाला लावलेला असतो, तो बेसुमार पाणी आणि त्याबरोबर वाळू ओढतो, अँपिअरही जास्त घेतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर झीज दुप्पट होऊन थांबत नाही, कितीतरी पटीनं वाढते. त्यामुळे वाळूच्या पाण्यात जमेल तिथं १४४० आरपीएमचा पंप २८८० पेक्षा जास्त टिकतो, किंमत जास्त असली तरी.

## पायरी ६: सुरू आणि बंद करण्याची पद्धत

मोटर एकदम पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवर सुरू झाली की पाण्याला धक्का बसतो आणि बसलेली वाळू उठते. व्हॉल्व्ह पाव उघडा ठेवून सुरू करा, दोन-तीन मिनिटांत हळूहळू खुणेपर्यंत आणा. बंद करताना आधी व्हॉल्व्ह दाबा, मग बटण. सबमर्सिबलमध्ये बंद केल्यावर उभ्या पाइपातली वाळू खाली पंपाच्या डोक्यावर येऊन बसते. म्हणून गढूळ पाणी येत असताना बंद करू नका, निवळू द्या. बंद केल्यावर पुन्हा सुरू करायला दहा-पंधरा मिनिटं थांबा.

रात्रीच्या लाईटला ऑटोवर टाकून घरी जाणं बहुतेकांना भाग आहे. लाईट चार-सहा वेळा गेली-आली की तेवढेच धक्के बसतात. ऑटोला उशिरा सुरू होण्याचा टायमर लावा आणि व्हॉल्व्ह पायरी ५ च्या खुणेवर कायम ठेवा, पूर्ण उघडा नको.

मोनोब्लॉकमध्ये (काठावरचा, मोटर आणि पंप एकत्र असलेला पंप) प्रायमिंगचं, म्हणजे सुरू करण्याआधी पंपात भरायचं, पाणी चरातनं बादलीनं उचलून ओततात, त्यात वाळू असते आणि ती थेट इंपेलरवर पडते. प्रायमिंगसाठी झाकणाचा कॅन भरून शेडमध्ये ठेवा.

## पायरी ७: आतले भाग

- ग्लँड (शाफ्टभोवती दोरी भरून गळती रोखणारा भाग) असलेल्या पंपात ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे. गळतंय म्हणून बोल्ट आवळत गेलं की दोरीत अडकलेली वाळू शाफ्टवर चर पाडते. शाफ्टवर बदलता येणारी स्लीव्ह असेल असाच पंप घ्या.
- मेकॅनिकल सील असेल तर घासणाऱ्या दोन्ही बाजू सिलिकॉन कार्बाइडच्या मागा. कार्बनची बाजू वाळूत टिकत नाही.
- पाण्यावर चालणाऱ्या बुशांत खाचा असलेली रबरी बुश वाळूला ब्राँझपेक्षा चांगली, कण खाचेतून निघून जातात.
- वेअर रिंगची फट लहान पंपात नवी असताना साधारण पाव मिलिमीटर असते. दुप्पट झाली की रिंग बदला. रिंग वेळेवर बदलली तर इंपेलर वाचतो.
- झिजलेल्या इंपेलरवर वेल्डिंग चढवून घेणं टाळा. तोल जातो, आणि मग बेअरिंग जातं.
- पाणी भरायच्या सबमर्सिबल मोटरीत सोडण्यापूर्वी स्वच्छ, गाळलेलं पाणी भरा. शाफ्टवरचा रबरी सँड गार्ड जागेवर आहे का ते बघा. दुरुस्तीनंतर तो टाकायचा हमखास राहून जातो.

## पायरी ८: पंपाच्या पुढे

आता हायड्रोसायक्लोन. क्रम असा: हायड्रोसायक्लोन, मग सँड फिल्टर, मग डिस्क किंवा जाळीचा फिल्टर. हायड्रोसायक्लोन पाण्याच्या फिरकीवर चालतो, म्हणून तो तुमच्या प्रवाहाच्या मापाचा हवा. "मोठा घेतला की चांगला" हे इथं खोटं आहे. प्रवाह कमी पडला की फिरकी मंदावते आणि वाळू सरळ पुढे जाते. आधी आणि नंतर गेज लावा. जाळीच्या फिल्टरमध्ये कचरा साचला की दोन गेजमधला फरक वाढतो. हायड्रोसायक्लोनमध्ये फरक जवळपास स्थिर राहतो, आणि तो घटला तर प्रवाह घटलाय, म्हणजे पंप झिजतोय किंवा सक्शन चोंदलंय. खालचा डबा रोज सोडा.

दोन टप्प्यांत पाणी उचलणाऱ्यांना बसवणीचा हौद सगळ्यात फायद्याचा. खालचा कमी उंचीचा, कमी आरपीएमचा पंप हौदात पाणी टाकतो, आणि महागडा उंच दाबाचा पंप हौदातून स्वच्छ पाणी घेतो. सेकंदाला १० लिटरसाठी दहा बाय पाच फुटांचा हौद बारीक वाळूला पुरतो. वाळू बसण्यासाठी क्षेत्रफळ लागतं, खोली वाढवून फारसं साधत नाही. पाणी येतं तिथं आडवी भिंत घाला, घेणारं सक्शन समोरच्या टोकाला वरच्या बाजूला ठेवा, आणि तळाला उतार देऊन वाळू सोडायचा व्हॉल्व्ह ठेवा.

## पायरी ९: वहीतल्या नोंदी

पंप नवा असताना किंवा नुकता दुरुस्त झाल्यावर तीन आकडे लिहा: ठरलेली टाकी भरायला लागलेला वेळ, चालू अँपिअर, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून गेजवर दिसणारा दाब. हा शेवटचा आकडा काही सेकंदांतच घ्या आणि लगेच व्हॉल्व्ह उघडा. दर महिन्याला तेच तीन आकडे. बंद व्हॉल्व्हचा दाब घसरत चालला की इंपेलर आणि रिंग झिजताहेत. अँपिअर अचानक वाढले तर आत वाळू अडकली असेल, लगेच थांबवा. व्होल्टेजही शेजारी लिहा, नाहीतर कमी व्होल्टेजचा दोष पंपावर जातो.

## पूर येण्याआधी आणि ओसरल्यावर

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. तुमची मोटर त्याच्या कितीतरी आधी पाण्यात जाऊ शकते. ज्या दिवशी पाणी तुमच्या शेडच्या पायरीला लागतं, त्या दिवशी पुलाजवळ किती फूट होतं ते शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की मोटर कधी वर काढायची ते घरबसल्या कळेल. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी ज्यांनी सकाळपर्यंत वाट बघितली त्यांच्या मोटरी गाळातून उकरून काढाव्या लागल्या.

पाण्यात गेलेली मोटर वाळली म्हणून बटण दाबू नका. आधी ड्रेन प्लग उघडून पंपाचं केसिंग स्वच्छ पाण्यानं धुवा. शाफ्ट हातानं फिरवा, कचकच लागली तर पंप खोला. बेअरिंगमधलं ग्रीस बदला. वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून वाइंडिंगचं इन्सुलेशन बघून घ्या, कमी असेल तर मोटर नीट सुकवून पुन्हा मोजा. सक्शनमध्ये साचलेली वाळू पाइप सोडवून उलट्या बाजूनं पाणी मारून काढा. सगळं जोडल्यावर, पहिल्यांदा सुरू करण्याआधी, दोरी सोडून तळ मोजा. पुरानं पात्र बदललेलं असतं, आणि मे महिन्यात तळापासून तीन फूट वर असलेला फुटव्हॉल आता वाळूत रुतलेला सापडतो.